चिपळूणला कुठली अलमट्टी आहे?

जुलैचा शेवटचा आठवडा आला की आमच्या सांगलीत माणूस भेटला की "जेवलास का"च्या आधी "आयर्विनला किती?" असं विचारतात. म्हणजे आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी किती फूट झाली. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आकडे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. कोल्हापूरकडं हाच प्रश्न "राजारामला किती?" असा, म्हणजे राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती फूट, तिथं ३९ आणि ४३. आणि २००५ पासून एक तिसरा आकडा यात घुसलाय, तो म्हणजे "अलमट्टीतून किती सोडलं?" अलमट्टी म्हणजे आपल्या खाली, कर्नाटकात, कृष्णेवरचं धरण. तिथून जास्त सोडलं की इकडं तुंबलेलं पाणी उतरतं, असा सगळ्यांचा हिशोब. रात्री साडेअकराला फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड येतो, अलमट्टीचा विसर्ग वाढवला म्हणून, आणि ज्या काकांनी आयुष्यात अलमट्टी बघितली नाही, नकाशात पण नाही, ते सुद्धा हुश्श करून झोपायला जातात. मग सकाळी पाणी दोन फूट वाढलेलं असतं आणि अलमट्टीला शिव्या सुरू होतात. २०२५ च्या उन्हाळ्यात कर्नाटकनं परत धरणाची उंची वाढवायचा विषय काढला तेव्हा तर इकडं सगळे पक्ष एका स्टेजवर आले, अंकलीच्या पुलावर चक्काजाम झाला. सगळे पक्ष एका स्टेजवर आले ना की मला जरा भीतीच वाटते, कारण याचा अर्थ बहुतेक वेळा हा असतो की त्या विषयात कुणाचंच काही जात नाहीये.

माझं म्हणणं आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत वाचून शिव्या द्यायला नकोत, इथूनच देता येतील. अलमट्टीची उंची वाढवायला माझा पण विरोध आहे. पण सांगली-कोल्हापूरचा महापूर अलमट्टीमुळं येतो, हे मला पटत नाही. पूर येतो पावसानं आणि नदीच्या स्वभावानं, आणि त्या पुराचा महापूर करतो आपण, आपल्याच हद्दीत, आपल्याच डंपरनं. अलमट्टी गुन्हेगार ठरली की आपण सगळे साक्षीदार होतो, म्हणून हा वाद आपल्याला एवढा आवडतो.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. धरणाचा फुगवटा ही काही अफवा नाही. शेतातल्या दांडाच्या शेवटी गवताचा बोळा अडकला तर पाणी आधी बोळ्यापाशी तुंबतं आणि मग हळूहळू मागं सरकतं, हे पाणी पाजणाऱ्या कुठल्याही माणसाला माहितीये. नदीला उतार जितका कमी तितका हा फुगवटा लांब जातो, आणि सांगलीच्या खाली कृष्णेला उतार खरंच कमी आहे, ती नागमोडी वळणं घेत रमतगमत जाते. धरण ऐन पुरात भरलेलं ठेवलं तर वरच्या पाण्याचा उतार अजून कमी होणार. शिवाय धरणाच्या शेपटीला, जिथं वाहतं पाणी संथ होतं तिथं, दरवर्षी गाळ बसतो आणि पंचवीस-तीस वर्षांत तिथला तळ वर येतो, त्याचा परिणाम आजच्या हिशोबात दिसत नाही पण पुढं दिसू शकतो. मध्ये हिप्परगीचं बॅरेज आहे, ते वेगळंच. आणि आज पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे ती ५२४.२५६ करायची म्हणजे साडेचार मीटरच्या वर, घराच्या दीड मजल्याएवढं पाणी. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून द्यायला नेमलेल्या ब्रिजेशकुमार लवादानं २०१० ला त्याला मान्यता दिली म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. तेव्हा आधी नीट अभ्यास करा, आकडे दोन्ही राज्यांच्या लोकांपुढं ठेवा, तोपर्यंत एक फूट वाढवायचा नाही, ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. २०१९ च्या महापुरानंतर सरकारनं वडनेरे समिती नेमली, तिनं अलमट्टीला जवळजवळ क्लीन चिट दिली, तर त्या समितीच्या मॉडेलवर पण शंका घेणारे जाणकार लोक आहेत, आणि त्यांना वेड्यात काढायचं कारण नाही.

पण मग २०२१ चं काय करायचं?

२०१९ ला धडा मिळाला म्हणून २०२१ च्या जूनमध्ये आपले जलसंपदामंत्री बंगळूरला जाऊन मुख्यमंत्र्यांना भेटून आले, पाणी सोडण्यात दोन राज्यांनी ताळमेळ ठेवायचा असं ठरलं. आणि जुलैत काय झालं? २२ जुलैची ती रात्र. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस. आमच्या जतला वर्षभरात जेवढा पडतो साधारण तेवढा, एका दिवसात. २३ तारखेला पंचगंगा राजारामला ५६ फुटांच्या वर गेली, २०१९ च्या पण पुढं. दोन दिवसांनी सांगलीत आयर्विनला ५४ च्या वर. म्हणजे समन्वय होता, बैठका होत्या, तरी पाणी आलंच. आणि आता मुद्द्याचं बोलतो. तेच ढग, तेच एक-दोन दिवस, सह्याद्रीची तीच धार, फक्त पलीकडची बाजू. चिपळूण बुडालं, महाड बुडालं, तळीयेचा डोंगर खाली आला. वाशिष्ठीच्या खाली कुठली अलमट्टी आहे? वाशिष्ठी तर थेट दाभोळच्या खाडीला, समुद्राला जाऊन मिळते. तिकडं लोक कोयनेच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्याला दोष देत होते, ते वेगळं, त्यावर शेवटी येतोच. पण निदान एवढं तरी दिसतं की धारेच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी गावं बुडत असतील तर कारणांची यादी धारेपासून सुरू करावी लागेल, २००-२५० किलोमीटर लांबच्या भिंतीपासून नाही. १९८९ ला पंचगंगेला मोठा पूर येऊन चिखली-आंबेवाडीच्या लोकांचं पुनर्वसन सोनतळीला करायचं ठरलं, तेव्हा अलमट्टीत पाणी साठत पण नव्हतं.

हे नीट कळायला नदी कशी आहे ते बघावं लागतं, आणि आपण नदी बघतो ती पुलावरून, तेही सेल्फी काढायला. महाबळेश्वर, नवजा, गगनबावडा हा पट्टा वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस घेतो. तिथून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर सांगलीत पाऊस पाचशे-सहाशे. म्हणजे सांगलीचा पूर हा सांगलीचा नसतोच, तो पार्सल आलेला असतो. डोंगरातनं धावत आलेलं पाणी मैदानात येतं आणि उतार संपल्यावर त्याचा वेग संपतो. वेग संपला की पाण्याला जागा लागते. इथपर्यंत सगळ्याच नद्यांचं सारखं, पण आमची गंमत पुढं आहे. सांगलीच्या खाली चार-पाच किलोमीटरवर हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणा फुल्ल असली की कृष्णेला पुढं सरकायला जागा देत नाही, आणि सांगलीत पाणी चढतं. तिथून खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येते, तिचं पण तेच, कृष्णा भरली असेल तर पंचगंगेचं पाणी शिरोळ तालुक्यात थटून राहतं. लग्नाच्या हॉलला एकच दरवाजा आणि तीन वरातींनी एकदम यायचं असा प्रकार. हा फुगवटा नाही का? आहे की, पण तो नदीचा नदीवर पडलेला फुगवटा आहे, कुणी बांधलेला नाही, लाखो वर्षं तसाच आहे. यातली एखादी नदी दोन दिवस उशिरा भरली तर पूर निघून जातो, तिन्ही एकदम भरल्या तर २०१९ होतं, आयर्विनला ५७ फुटांच्या वर.

जुन्या माणसांना हे माहिती होतं. पुस्तकात वाचून नाही, पायऱ्या मोजून. माझी आजी गावभागातल्या घरात राहायची, तिला फूट कळायचे नाहीत, ती सांगायची "घाटाच्या इतक्या पायऱ्या राहिल्या, आता खालच्या पेट्या माळ्यावर घ्या." त्या घराचं जोतं छातीएवढं उंच. लहानपणी त्या पायऱ्या चढायचा कंटाळा यायचा. आता कळतं की ते जोतं म्हणजे पणजोबांनी नदीशी केलेला करार होता, इथपर्यंत तू ये, इथून वर मी. वाडीला तर देवच पुराशी जुळवून घेतो. पाणी वाढलं की दत्ताची उत्सवमूर्ती वरच्या मठात हलवतात, पाणी पादुकांवरनं दक्षिण दारानं बाहेर पडायला लागलं की दक्षिणद्वार सोहळा, आणि लोक लांबलांबून त्या पाण्यात स्नान करायला येतात. जगात किती देवळं असतील जिथं पूर आत आल्यावर उत्सव होतो? आणि पूर ओसरला की मागं काय राहायचं, तर मळी. काळी, लोण्यासारखी मळी. कृष्णाकाठच्या वांग्याचं कौतुक करता ना, ते वांगं त्या मळीचं आहे. पूर आला नसता तर वांगं पण साधंच झालं असतं. म्हणजे नदीला दोन पात्रं असतात, एक रोजचं आणि एक सणाचं. रोजचं पात्र आपल्याला दिसतं. सणाचं पात्र वर्षातनं चार दिवस वापरात येतं, कधी दहा वर्षं येतच नाही, आणि मग सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला वाटतं की ही जागा रिकामी पडलीये.

सांगलीत ओत हा शब्द आहे. ओत म्हणजे पावसाळ्यात वाहणारा खोलगट पट्टा, नाला म्हणा, पण नाल्यापेक्षा पसरट. नदी चढली की या ओतातनं पाणी आत येऊन पसरायचं आणि नदी उतरली की त्याच वाटेनं परत जायचं. शहराची फुफ्फुसंच ती. यातले किती उरलेत? मुरूम टाका, रोलर फिरवा, चुन्याच्या रेषा मारा, गुंठ्यागुंठ्यानं विका. २००१ ला गुंठेवारी कायदा आला, जे झालं ते नियमित करा म्हणून. बरं, एकदाच करू म्हणाले होते, नंतर २०२१ ला तारीख वाढवून २०२० च्या डिसेंबरपर्यंतची बांधकामं आत घेतली. यात २००५ चा पूर येऊन गेला होता आणि २०१९ चा पण येऊन गेला होता, तरी. शामरावनगरसारख्या भागात महापूर सोडा, साध्या पावसात पण महिनामहिना पाणी हटत नाही, काळी जमीन आणि निचऱ्याची वाट बंद, अलमट्टीत त्या दिवशी चहा करण्याएवढं पाणी असलं तरी तिथं गुडघाभर असणारच.

आणि हे फक्त घरांचं नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत कृष्णा, वारणा, पंचगंगेवर किती पूल झाले मोजा. पूल चांगलेच आहेत, लोकांची सोय झाली, पण पूल नदीच्या रोजच्या पात्रावर असतो आणि दोन्ही बाजूंनी पुलाकडं जाणारा रस्ता असतो मातीच्या भरावावर, दहा-पंधरा फूट उंच, एक-एक किलोमीटर लांब. हा भराव म्हणजे सणाच्या पात्रात आडवं घातलेलं धरणच, फक्त त्याला दरवाजे नाहीत आणि त्याचं नाव धरण नाही म्हणून त्याच्यावर मोर्चा निघत नाही. पुणे-बंगळूर हायवेचं शिरोलीजवळ बघा. २०१९ ला आणि २०२१ ला तिथं हायवे पाण्याखाली जाऊन दिवसेंदिवस बंद, ट्रकच्या रांगा, कोल्हापूरला दूध-भाजी-पेट्रोल सगळ्याची बोंब. हायवे बुडाला म्हणून सगळे ओरडले, पण त्याच भरावानं पंचगंगेचं पाणी वरच्या बाजूला किती तुंबवलं हा प्रश्न शेतकरी विचारत होते, तिथं भराव काढून पिलरवर रस्ता करा म्हणत होते. शेतकऱ्याला ते दिसतं कारण त्याच्या उसाच्या शेंड्यावर पाणी पंधरा दिवस उभं राहतं. शेंडा कुजला की ऊस गेला.

पुण्याचं उदाहरण देतो कारण तिथं अलमट्टी पण नाही, संगम पण आपल्यासारखे नाहीत आणि कर्नाटक तर नाहीच नाही. मुठेची निळी पूररेषा ६० हजार क्युसेक्सला (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) धरून आखलीये, म्हणजे तेवढं पाणी आलं तरी रेषेच्या बाहेरच्यानं निवांत झोपावं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातनं ३५ हजाराच्या आसपास सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, लोकांना बोटीनं काढलं. पाणी कमी आणि पूर जास्त, हे कसं शक्य आहे? बादली लहान केली की तेवढंच पाणी सांडतं, दुसरं काय.

आता काहीजण म्हणतील, बरं अलमट्टी सोडा, आपली धरणं तरी आधी रिकामी ठेवायची, कोयना जुलैत भरून कशाला ठेवता? हा मुद्दा मला अलमट्टीपेक्षा जास्त वजनदार वाटतो, आणि धरणं चालवण्यात आपल्याकडं सुधारणेला भरपूर जागा आहे हे खरंच. पण जरा हिशोब करू. एक लाख क्युसेक्स दिवसभर वाहिलं की साडेआठ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर पाणी होतं. २०१९ च्या पुरात अलमट्टीतून पाच लाख क्युसेक्सच्या वर पाणी सोडत होते. म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी. कोयना १०५ टीएमसीची आहे. अख्खं कोयना धरण खडखडीत रिकामं असतं तरी त्या पाण्यानं ते अडीच दिवसांत भरलं असतं, आणि अलमट्टी १२३ टीएमसी, ती तीन दिवसांच्या आत. आणि धरणाच्या खाली पडलेला पाऊस कुठल्या धरणात धरणार? तो तर थेट नदीत येतो. दुसरं म्हणजे, तारखा आठवा. २०१८ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झालेला. २०१९ च्या मे महिन्यात जत-आटपाडीला टँकर चालू होते. त्यावर्षी जुलैत कोयनेचा कुठला इंजिनिअर पाणी ओतून देणार होता? ओतून दिलं असतं आणि ऑगस्ट कोरडा गेला असता तर त्याच स्टेजवरून त्याच माणसांनी त्याला फासावर चढवलं असतं. आपली धरणं पूर अडवायला बांधलेलीच नाहीत, ती भरून घ्यायला बांधलीत, वीज आणि सिंचनासाठी. त्यात पुरासाठी थोडी मोकळी जागा ठेवा, पावसाचा अंदाज बघून टप्प्याटप्प्यानं सोडा, दोन राज्यांनी एकाच खोलीत बसून करा, हे सगळं करायला पाहिजे. त्यानं पुराची टोपी दोन-तीन फुटांनी खाली येईल कदाचित, आणि दोन-तीन फूट म्हणजे हजारो घरं, हे मी हलक्यात घेत नाहीये. पण पूर येणारच नाही असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकतोय.

दुसरी पळवाट म्हणजे हवामान बदल. गैरसमज नको, तो खरा आहे. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून साधारण तिप्पट झाल्यात असा अभ्यास २०१७ ला आला होता. पण आपल्याकडं "क्लायमेट चेंज" हा शब्द हल्ली "देवाची करणी" या अर्थानं वापरतात. कलेक्टर म्हणतो क्लायमेट चेंज, नगरसेवक म्हणतो क्लायमेट चेंज, ज्यानं ओतात भराव टाकला तो बिल्डर पण चहा पिताना म्हणतो क्लायमेट चेंज हो. अरे पाऊस वाढणार आहे हे माहितीये तर नदीला जागा जास्त लागणार की कमी?

आणि तिसरी बाजू, ती मात्र मला खरंच बोचते. पुण्यामुंबईकडचे अभ्यासू लोक म्हणतात की पूरपट्ट्यात राहतातच कशाला ही माणसं, अतिक्रमण आहे, उठवा. हे म्हणणारा माणूस कधी सांगलीत जागा बघायला फिरलेला नसतो. ज्याच्याकडं पैसा आहे तो विश्रामबागकडं उंचावर घेतो. हमाल, पॉवरलूमवाला, रिक्षावाला, बाहेरगावाहून आलेला मास्तर, यांना परवडतो तो ओतातलाच गुंठा, कारण तो बुडतो म्हणूनच स्वस्त आहे. त्याला लाईटचं मीटर मिळतं, घरपट्टी येते, बूथवर नाव लागतं, रस्ता काँक्रीटचा होतो, फक्त पाणी आलं की तो अतिक्रमणवाला. त्यामुळं मी जेव्हा "आपण" म्हणतो तेव्हा त्याला नाही म्हणत. प्लॉट पाडणारा, पाडू देणारा आणि नियमित करून मत घेणारा, या तिघांना म्हणतोय. आणि पुनर्वसन म्हणजे लांब माळावर दोन खोल्या असं असेल तर माणूस जाणारच नाही, सोनतळीला प्लॉट मिळून पण चिखलीची बरीच माणसं गावातच राहिली, कारण म्हशी, शेत, देऊळ सगळं इथं. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ती काही हौसेनं मागं थांबली नव्हती.

मग उपाय म्हणून काय पुढं येतं? नदीकाठानं पूरसंरक्षक भिंत, आणि पुराचं पाणी बोगद्यानं-कालव्यानं उचलून दुष्काळी भागात. ऐकायला इतकं गोड की विरोध करणारा माणूस जतचा शत्रू ठरतो. जतला पाणी मिळालंच पाहिजे, म्हैसाळ-टेंभू उपसा योजनांचं पाणी तिकडं चाललंय ते उत्तमच. पण त्यानं पूर कमी होतो हे सोडा. पुरात समजा दोन लाख क्युसेक्स वाहतंय, त्यातला दहावा हिस्सा उचलायचा म्हणलं तरी वीस हजार क्युसेक्स, ती एक स्वतंत्र नदीच झाली, आणि ती वर्षातले चार-सहा दिवस चालणार, बाकी दिवस तिच्यात म्हशी बसणार. भिंतीचं तर बिहारनं करून बघितलंय. १९५४ ला बिहारमध्ये १६० किलोमीटर बांध होते आणि पूरप्रवण जमीन २५ लाख हेक्टर. नंतर बांध वाढवत वाढवत साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात नेले, आणि पूरप्रवण जमीन झाली जवळपास ६९ लाख हेक्टर. बांधात कोंडलेल्या कोसी नदीनं गाळ टाकून स्वतःचा तळच उचलला, आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये नेपाळातल्या कुसहाला बांध फोडून शंभरेक वर्षांपूर्वीच्या जुन्या वाटेनं निघाली. नदी वाट विसरत नाही, नकाशावाले विसरतात.

उलट हॉलंड बघा. अख्खा देश बांधांवर उभा, बांध बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. १९९५ ला नद्या इतक्या चढल्या की अडीच लाख लोक हलवावे लागले. आपल्याकडं असतं तर भिंत अजून उंच केली असती. त्यांनी काय केलं, तर तीसेक ठिकाणी नदीला जागा परत दिली. नायमेखन शहरापाशी बांध साडेतीनशे मीटर मागं घेतला, पन्नासेक घरं उठवली, नदीला बाजूनं दुसरं पात्र खोदून दिलं. एका ठिकाणी शेतकऱ्यांची घरं-गोठे उंच टेकाडं करून त्यावर बांधून दिली आणि शेतं पुराला मोकळी ठेवली. टेकाडावर घर, खाली पूर. माझ्या पणजोबांचं जोतं हेच होतं, त्यांना कुणी पुरस्कार दिला नाही एवढंच. ते श्रीमंत आहेत, त्यांना परवडतं, असं म्हणाल तर आपण २००५, २०१९ आणि २०२१ अशी तीन महापुरांची नुकसानभरपाई वाटलीये, तेही कुणाच्या तरी खिशातनंच गेलं.

आता ते कोयनेचं. चिपळूणकर कोयनेच्या पाण्यावर चिडतात. आपण अलमट्टीवर चिडतो. आणि खाली चिकोडी, रायबाग, अथणीकडं गेलात तर तिथं कन्नड चॅनेलवर काय चालतं माहितीये का? "महाराष्ट्रानं पाणी सोडलं, आमची गावं बुडवली." आपल्याच धरणांच्या विसर्गाचे आकडे तिथं आपल्यासारखेच रात्री साडेअकराला फॉरवर्ड होतात. तिकडं २०१६ ला बिहारचे मुख्यमंत्री गंगेच्या पुराला बंगालमधलं फरक्का बॅरेज जबाबदार, ते काढा, म्हणत दिल्लीला गेले होते. त्यांच्या गाळाच्या तक्रारीत तथ्य होतंच, जसं आपल्या फुगवट्याच्या तक्रारीत आहे. पण पाण्याच्या वादात गुन्हेगार नेहमी हद्दीच्या पलीकडं कसा काय सापडतो? पलीकडच्यावर आरोप करायला फक्त मोर्चा लागतो. अलीकडच्यावर केला तर नाव घ्यावं लागतं, आणि ते नाव बहुतेक वेळा फ्लेक्सवर आपल्या शेजारीच छापलेलं असतं.

म्हणून म्हणतो, अलमट्टीच्या उंचीवर कोर्टात भांडा, अगदी शेवटपर्यंत भांडा. पण त्याच मीटिंगमध्ये अजून दोन-चार गोष्टी विचारा की. २००५ नंतर निळ्या रेषेच्या आत किती बांधकामांना परवानगी दिली, सर्व्हे नंबरसकट यादी लावा. किती ओत बुजले आणि किती परत उघडणार. पुलांच्या भरावात पाणी जायला मोऱ्या कधी पाडणार. पावसाळ्याआधी बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला घातलेल्या फळ्या, वेळेत निघाले का, हे कोण बघतं. या प्रश्नांना बंगळूरला जावं लागत नाही, तहसीलपर्यंत गेलं तरी पुरतं. मी हे एका बैठकीत विचारलं होतं, तर एकजण म्हणाला, "तुम्ही कर्नाटकची बाजू घेताय काय?" विषय संपला, चहा आला.

माझ्या मावसभावाचा प्लॉट असाच एका जुन्या ओतात आहे. २०१९ ला त्याच्या हॉलमध्ये पंख्याच्या खाली हातभर जागा सोडून पाणी होतं, तीन वेळा रंग दिला तरी भिंतीवर ती रेघ पावसाळ्यात ओल धरून परत उमटते. हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, मग काय करू, विकू का? मी म्हणलं, विकलंस तर घेणारा पण माणूसच असणार. थोडा वेळ दोघं गप्प. मग म्हणाला, या उन्हाळ्यात पुढचं अंगण चार फूट उचलून घेतो, मुरुमाच्या दहा-बारा ट्रॉल्या पडल्या की पाणी आपल्याकडं यायचं नाही, बाजूला जाईल. बाजूच्या घरात शेजारी कंपाउंडला टेकून उभा होता, त्यानं पण ट्रॉलीचा भाव विचारून ठेवला होता.